अंगणांतील सॉकेट
(नभोवाणीवरील भाषण)



गेल्या कांहीं वर्षांत आपल्या घरांतील वीज हळूहळू उंबरठ्याबाहेर पडली आहे. पूर्वीं चार दिवे, दोन पंखे आणि एक इस्त्री एवढाच विजेचा संसार असे, आणि तो चार भिंतींच्या आंत सुखानें नांदत असे. आतां पाण्याची मोटर परसांत बसली, कपडे धुण्याचें यंत्र मागच्या गॅलरींत गेलें, गाडी धुण्याचा पंप फाटकापाशीं आला, गणपतींत व दिवाळींत दिव्यांच्या माळा अंगणभर लोंबूं लागल्या, आणि अलीकडे तर विजेवर चालणारी स्कूटर रात्रभर व्हरांड्यांत उभी राहून चार्ज होऊं लागली. ह्या सर्वांना घराबाहेर एक सॉकेट लागतें. सॉकेट म्हणजे भिंतीवरचें तीन छिद्रांचें खोकें. वायरमनला बोलवावें, तासाभरांत तो तें बसवून देतो, आणि आपण त्याच्या हातावर पैसे ठेवून मोकळे होतों. एवढ्याशा वस्तूवर भाषण कशाला, असें आपणांपैकीं कोणास वाटलें तर त्यांत नवल नाहीं.

परंतु ह्या एवढ्याशा वस्तूसंबंधीं एक गोष्ट सहसा आपल्या लक्षांत येत नाहीं. दिवाणखान्यांतील बटण घरचा धनी दाबतो; अंगणांतील सॉकेटला त्याचा हात क्वचितच लागतो. तेथें हात लागतो तो धुणें धुणाऱ्या बाईचा, झाडांना पाणी घालणाऱ्या माळ्याचा, मोटर चालूं करावयास धांवत गेलेल्या सुनेचा, किंवा चेंडू शोधावयास गेलेल्या मुलाचा. सॉकेट कोणतें बसवावें, त्यावर किती खर्च करावा, हें ठरवितो एक. आणि त्याचें बरेंवाईट फळ भोगतो दुसरा. म्हणून हा विषय केवळ वायरमनचा नाहीं; तो गृहस्थधर्माचा आहे, असें मला वाटतें.

मी विजेचा पंडित नव्हें. मॅट्रिक होऊन शाळेंत शिकवूं लागलों आणि मास्तर म्हणूनच निवृत्त झालों. शास्त्राचें क्रमिक पुस्तक वर्षानुवर्षें मुलांपुढें उघडलें, एवढीच ह्या विषयांतील माझी शिदोरी. पण आज जें सांगावयाचें आहे त्यास याहून अधिक शिदोरी लागत नाहीं. भागाकार येत असला म्हणजे पुरें.

प्रथम असा प्रश्न घेऊं कीं, घरांत व घराबाहेर विजेचा दाब एकच, म्हणजे २३० व्होल्ट, असतां बाहेरची वीज अधिक घातक कां? फरक विजेंत नाहीं. तो आपल्या पायांखालीं आहे. दिवाणखान्यांत आपण कोरड्या फरशीवर, पुष्कळदां पायांत सपाता घालून, उभे असतों. हात कोरडे असतात. कोरड्या कातडीचा विजेला होणारा रोध मोठा असतो, म्हणून एखादे वेळीं झटका बसला तरी आपण ओरडून हात मागें घेतों आणि बहुधा निभावतें. अंगणांत तोच मनुष्य ओल्या मातीवर, अनवाणी आणि ओल्या हातांनीं उभा असतो. अशा वेळीं हातापासून पायापर्यंत सर्व देहाचा रोध हजार ओहमच्या आसपास उतरतो, असें धरून चालावें. आतां जॉर्ज ओहमनें १८२७ सालीं प्रसिद्ध केलेला नियम आठवा. दाबाला रोधानें भागलें कीं प्रवाह मिळतो. २३० भागिले १,००० म्हणजे ०·२३ अँपियर, अर्थात् २३० मिलिअँपियर.

ही संख्या ऐकावयास लहान वाटते. पण माणसाच्या देहाचें माप फार नाजूक आहे. सुमारें एक मिलिअँपियर प्रवाह अंगांतून गेला कीं झिणझिण्या जाणवतात. दहाच्या आसपास हाताचे स्नायू आंखडतात आणि धरलेली वस्तु सोडूं म्हटलें तरी सुटत नाहीं. ज्याला आपण 'वीज चिकटली' म्हणतों तें हेंच. तिसाच्या पुढें श्वास कोंडूं लागतो. आणि त्याहून अधिक प्रवाह थोडा वेळ टिकला तर हृदयाची लय बिघडून तें नुसतें थरथरत राहतें व रक्त पुढें ढकलीत नाहीं. आपल्या हिशेबांत आलेला आंकडा २३० आहे, हें आपल्या ध्यानांत असूं द्या.

विदर्भांत उन्हाळ्यांत खिडकीबाहेरच्या कूलरमध्यें पाणी भरतांना माणसें दगावल्याच्या बातम्या येत असतात. कूलरचें लोखंडी अंग, खालीं सांडलेलें पाणी आणि अनवाणी पाय, हा तिघांचा मेळ जमला कीं आंतील तारेचें आवरण फाटण्याचाच काय तो अवकाश. कोंकणांत व देशावर पावसाळ्यांत कपडे वाळत घालण्याच्या लोखंडी तारेंत वीज उतरून असाच घात होतो. वर्तमानपत्र अशा प्रसंगीं 'दुर्दैवी अपघात' असा मथळा देतें. दैवाचा त्यांत भाग असेल तर असो. पण पुष्कळसा भाग शंभर-दोनशें रुपयांच्या तारेचा आणि तासाभराच्या कामाचा असतो.

ह्यावर आपण म्हणाल, 'आमच्या घरांत फ्यूजच्या जागीं नव्या एम. सी. बी. कळा बसविल्या आहेत. कांहीं झालें तर त्या आपोआप पडतील.' हा समज फार पसरलेला आहे, आणि तो घातक आहे. एम. सी. बी. ही कळ तारेच्या रक्षणासाठीं असते, माणसाच्या नव्हे. तारेंतून तिच्या ताकदीपेक्षां अधिक प्रवाह वाहूं लागला, किंवा दोन तारा एकमेकींस भिडल्या, तर ती पडते आणि घराला आग लागण्याचें टळतें. हें तिचें काम मोठेंच आहे. पण मोठ्या सॉकेटवर जी १६ अँपियरची कळ असते, ती १६,००० मिलिअँपियरपर्यंत हूं कीं चूं करीत नाहीं. आपल्या भागाकाराप्रमाणें एका ओल्या माणसाच्या देहांतून जातात २३०. म्हणजे सत्तराच्या आसपास माणसें एकाच वेळीं त्या सॉकेटला चिकटलीं, तेव्हां कोठें तिच्या मर्यादेचा आंकडा भरतो! जिच्या भरंवशावर आपण निर्धास्त झोपतों, तिला एका माणसाचें मरण दिसतसुद्धां नाहीं.

मग माणसाचें रक्षण कोण करतें? दोन गोष्टी करतात. एक अर्थिंग आणि दुसरी आर. सी. सी. बी. नांवाची कळ. दोन्ही डोळ्यांआड राहतात, म्हणूनच त्यांवर पैसे खर्च करावयाचें आपल्या जिवावर येतें.

अर्थिंग म्हणजे यंत्राच्या धातूच्या अंगापासून निघून थेट जमिनींत पोंचणारी तार. तीन टोंकांच्या पिनेंतील वरचें जाड व लांब टोंक हिचें. तें लांब ठेवण्यांत हेतु आहे. पिन खोंचतांना तें आधीं भिडावें आणि काढतांना सर्वांच्या शेवटीं सुटावें, म्हणजे यंत्र विजेशीं जोडलेलें असतांना जमिनीशीं असलेलें त्याचें नातें क्षणभरही तुटूं नये. यंत्राच्या आंत एखादी तार सुटून पत्र्याला लागली, तर ती वीज ह्या वाटेनें जमिनींत जावी आणि कळ पडावी, अशी ही योजना आहे. त्यासाठीं जमिनींत सुमारें अडीच मीटर लांबीची लोखंडी जस्तेदार नळी उभी पुरतात, किंवा धातूचा पत्रा पुरतात. भोंवतीं कोळसा व मीठ भरतात, आणि ही जागा घराच्या पायापासून निदान दीड मीटर दूर असावी लागते.

परंतु नुसती नळी पुरली म्हणजे काम झालें असें नाहीं. ती जमिनीशीं किती चांगली बोलते हें मोजावें लागतें. आपण पुन्हां भागाकार करूं. रोहित्राकडील रोध हिशेबासाठीं सोडून देऊं. आपल्या अर्थिंगचा रोध ५ ओहम असेल, तर बिघाडाच्या वेळीं २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपियर प्रवाह जमिनींत जाईल आणि १६ अँपियरची कळ, जरा वेळानें कां होईना, पडेल. पण तोच रोध ५० ओहम असला तर? प्रवाह ४·६ अँपियर. कळ मुळींच पडणार नाहीं. मोटर कदाचित् चालूही राहील, आणि तिच्या लोखंडी अंगावर जवळजवळ पूर्ण २३० व्होल्टांचा दाब तसाच बसून राहील. कोणीतरी हात लावण्याची वाट पाहत. अर्थिंग असूनही नसल्यासारखें होतें तें असें.

येथें आपल्या प्रांताची एक अडचण सांगितली पाहिजे. देशावर काळ्या खडकावरचा मुरूम आणि कोंकणांत जांभा. ह्या दोन्ही जमिनी उन्हाळ्यांत कोरड्या ठणठणीत होतात. भर पावसाळ्यांत ज्या अर्थिंगचा रोध उत्तम भरतो, त्याचाच वैशाखांत कितीतरी पट वाढलेला आढळतो. म्हणून अर्थिंगची परीक्षा आषाढांत घेऊं नये, ती वैशाखांत घ्यावी. परीक्षा नेहमीं विद्यार्थ्याच्या दुबळ्या विषयाची घ्यावी, हा शाळेंतला नियम येथेंही लागू आहे. उन्हाळ्यांत त्या खड्ड्यांत अधूनमधून बादलीभर पाणी ओतीत जावें. ह्या कामास कोणत्याही वायरमनची गरज लागत नाहीं.

अर्थिंगच्या नांवाखालीं चालणाऱ्या दोन लबाड्या ओळखून ठेवा. पहिली, अर्थिंगची तार पाण्याच्या नळाला गुंडाळणें. जुने नळ लोखंडी होते. आज मध्यें कोठेंतरी प्लॅस्टिकचा तुकडा असतोच, आणि मग बिघाडाची वीज जमिनींत न जातां वरच्या मजल्यावरील शेजाऱ्यांच्या न्हाणीघरांत जाते. दुसरी लबाडी ह्याहून भयंकर आहे. ती म्हणजे सॉकेटच्या मागें न्यूट्रल आणि अर्थिंग हीं दोन टोंकें तारेच्या तुकड्यानें जोडून देणें. वरवर सर्व सुरळीत चालतें. तपासणाऱ्याचा दिवाही लागतो. पण पुढें कधीं न्यूट्रलची तार तुटली, कीं त्याच क्षणीं यंत्राच्या अंगावर पूर्ण दाब येतो. यंत्रांत कसलाही बिघाड नसतांना. असें काम करणाऱ्यास दुसऱ्यांदा घरांत घेऊं नये.

आतां दुसरी गोष्ट, आर. सी. सी. बी. हिचें काम समजावयास सोपें आहे. शाळेची सहल काढली म्हणजे मास्तर निघतांना मुलें मोजतो आणि परततांना पुन्हां मोजतो. चाळीस गेलीं, चाळीस आलीं, तर ठीक. एकूणचाळीसच आलीं, तर तो जागच्या जागीं सहल थांबवितो. चाळिसावा कोठें गेला हें कळल्याशिवाय पाऊल पुढें टाकीत नाहीं. ही कळ नेमकें हेंच करते. एका तारेनें गेलेली वीज दुसऱ्या तारेनें तितकीच परत आली कीं नाहीं, हें ती अखंड मोजीत असते. कमी परत आली, तर उरलेली वीज भलत्याच वाटेनें, बहुधा कोणाच्या तरी अंगांतून, जमिनींत चालली आहे, असें ती समजते व तत्काळ दोन्ही तारा तोडते. घरासाठीं ही कळ ३० मिलिअँपियरची घ्यावी. एवढी तफावत पडतांच तिनें फार तर ०·३ सेकंदांत वीज बंद केली पाहिजे, आणि तफावत मोठी असली तर ती ह्याहूनही पुष्कळ लवकर पडते. तीस हा आंकडा कां, हें आतां आपणांस सांगावयास नको. मघाशीं देहाचें माप पाहिलें, त्यांत तीसच्या पुढें काय होतें हें सांगितलेंच आहे.

ह्या कळेचा एक मोठा गुण असा कीं, अर्थिंग थोडें अशक्त असलें तरीही ती आपलें काम करते. ५० ओहमच्या ज्या उदाहरणांत एम. सी. बी. स्वस्थ बसली होती, तेथें ही ४·६ अँपियरची तफावत पाहून लगेच पडेल. तथापि हिलाही मर्यादा आहेत, त्या प्रामाणिकपणें सांगितल्या पाहिजेत. कोणी एक हात फेजला व दुसरा न्यूट्रलला लावला आणि कोरड्या लाकडावर उभा राहिला, तर जेवढी वीज गेली तेवढी परत येते. मुलें मोजून बरोबर भरतात आणि कळ पडत नाहीं. शिवाय तारेवर भार अधिक झाला तर तेंही हिला कळत नाहीं; त्यासाठीं एम. सी. बी. हवीच. दोघींचें काम एकाच डबींत करणारी कळ मिळते, तिला आर. सी. बी. ओ. म्हणतात. अंगणासाठीं ती स्वतंत्र बसवावी हें उत्तम. कारण सर्व घराला एकच आर. सी. सी. बी. असली, तर बाहेरच्या माळेंत पाणी शिरतांच आंतील फ्रिज व दिवे बंद पडतात. मग घरची मंडळी वैतागतात, आणि कोणीतरी हुशार मनुष्य ती कळ टाळून तार सरळ जोडून देतो. वारंवार पडणारी कळ ही भुंकणाऱ्या कुत्र्यासारखी आहे. चोर कोठें आहे तें शोधावें; कुत्र्याचें तोंड बांधूं नये. विजेवरची स्कूटर चार्ज करावयाची असेल, तर ह्या कळेचा 'ए' प्रकार मागावा. अशा यंत्रांच्या गळतीचा प्रवाह साध्या घरगुती प्रवाहाहून निराळ्या स्वरूपाचा असूं शकतो, आणि साध्या प्रकारच्या कळेला तो ओळखतां येईलच असें नाहीं.

एवढा पाया झाल्यावर प्रत्यक्ष सॉकेटकडे वळूं. जागा निवडतांना एक साधी कसोटी लावावी. एक हात पाण्याच्या नळावर, मोरीच्या कठड्यावर किंवा टांकीवर ठेवून उभें राहावें. दुसरा हात सॉकेटपर्यंत पोंचतां कामा नये. उंची कमरेच्या वर, सुमारें चार फूट असावी, म्हणजे पावसाच्या सरींनीं जमिनीवरून उडणारे शिंतोडे तेथवर जात नाहींत आणि लहान मूलही सहज पोंचत नाहीं. भिंत शक्यतों पावसाच्या झडीच्या उलट दिशेची निवडावी व वर छज्जा असावा. आपल्याकडे पाऊस नैऋत्येकडून येतो, हें कोंकणांतल्या मंडळींना सांगावयास नको.

सॉकेट घरांतल्यासारखें उघडें चालत नाहीं. पावसापाण्यासाठीं झांकणाचें खोकें मिळतें. त्यावर 'आय. पी.' अशीं अक्षरें आणि पुढें दोन आंकडे छापलेले असतात. पहिला आंकडा धुळीपासून होणारें रक्षण दाखवितो व दुसरा पाण्यापासून. दुसरा आंकडा ४ असेल तर उडालेलें पाणी आंत जात नाहीं. ५ असेल तर पाण्याची धारही सोसते. छपराखालच्या भिंतीस ४४ चालेल, उघड्यावर ५५ किंवा ६५ घ्यावें. मात्र विकत घेतांना दुकानदारास एक प्रश्न अवश्य विचारा: 'हें रक्षण पिन खोंचलेली असतांनाही मिळतें, कीं झांकण बंद असतांनाच?' स्कूटर किंवा दिव्यांची माळ रात्रभर जोडून ठेवावयाची असेल, तर पिनेवरून मिटणारें खोल झांकणच पाहिजे. सॉकेटच्या छिद्रांवर आंतून सरकणारा पडदा असावा, म्हणजे मुलानें तार किंवा काडी खुपसली तरी ती आंत जात नाहीं.

तार खोक्यांत वरून घालूं नये; खालून घालावी, आणि जेथें ती शिरते तेथें घट्ट बसणारी रबराची किंवा प्लॅस्टिकची चकती असावी. तारेवरून ओघळणारा पाण्याचा थेंब सरळ खोक्यांत उतरूं नये म्हणून तार प्रथम खालीं नेऊन मग वर वळवावी. पागोळी जशी वळचणीच्या कडेवरून सुटते, तसा तो थेंब त्या वळणावरून खालीं पडतो. तार तांब्याची असावी. १६ अँपियरच्या सॉकेटला निदान २·५ चौरस मिलिमीटरची, आणि अंतर लांब असल्यास ४ ची. तिच्याबरोबर त्याच जाडीची हिरवी किंवा हिरवी-पिवळी अर्थिंगची तार सलग गेली पाहिजे. मध्यें जोड नको. सर्व तारा नळींतून न्याव्या. आणि त्या नळीला कपडे वाळत घालण्याची तार कधींही बांधूं नये. सॉकेट बंद-चालू करण्याचें बटण घराच्या आंत, कोरड्या जागीं असावें, आणि तें फेज व न्यूट्रल ह्या दोन्ही तारा एकदम तोडणारें असावें. मग पाऊस आला कीं आंतूनच बटण बंद करून बाहेर जातां येतें.

हें काम कोणी करावें? स्वतः करूं नये, हें माझें स्पष्ट मत आहे. आणि कायदाही तेंच सांगतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षेविषयींचे विनियम २०१० सालीं झाले व २०२३ सालीं नव्यानें आले. दिवा, पंखा, फ्यूज बदलण्यासारखीं किरकोळ कामें सोडलीं, तर नवी वायरिंग किंवा जुनींत भर घालण्याचें काम परवानाधारक ठेकेदारानें, अधिकृत प्रमाणपत्र असलेल्या मनुष्याच्या देखरेखीखालीं केलें पाहिजे, असा त्यांचा दंडक आहे. नवें सॉकेट ही भर आहे. तेव्हां 'परवाना दाखवा' असें म्हणण्यांत संकोच वाटूं देऊं नये. डॉक्टरची पाटी वाचूनच आपण दवाखान्यांत शिरतों. त्यांत डॉक्टरचा अपमान होत नाहीं.

काम चालूं असतांना मुख्य कळ बंद असावी, हें सांगावयास नकोच. पण आजकाल पुष्कळ घरांतून इन्व्हर्टर असतो. मुख्य कळ बंद केली तरी त्याच्या तारांत वीज खेळत राहते. तोही बंद करून, मग दोन्हींवर 'काम चालूं आहे, हात लावूं नये' अशी चिठ्ठी चिकटवावी. कामापुरता एक मनुष्य तेथें उभा ठेवला तर फारच चांगलें.

काम संपल्यावर पैसे देण्यापूर्वीं परीक्षा घ्यावी. मी पांच प्रश्नांची प्रश्नपत्रिका सांगतों. कागदावर उतरून घ्या.

पहिला प्रश्न: अर्थिंगचा रोध यंत्रानें मोजून किती ओहम भरला? आंकडा लिहून द्यावा. नुसता टेस्टर लावून दाखविला तर त्यास गुण नाहींत. टेस्टर फेज कोठें आहे तें सांगतो, अर्थिंग कसें आहे तें सांगत नाहीं.

दुसरा: सॉकेट समोरून पाहतां, अर्थिंगचें छिद्र वर असतांना, उजवीकडे फेज व डावीकडे न्यूट्रल आहे काय?

तिसरा: मेगर नांवाच्या यंत्रानें तारांचें आवरण तपासलें काय, आणि तें निदान एक मेगओहम भरलें काय?

चौथा: आर. सी. सी. बी. वरचें 'टी' अक्षराचें बटण दाबतांच ती पडते काय, आणि ती पडल्यावर अंगणांतील सॉकेट खरोखरच बंद होतें काय? पुष्कळ ठिकाणीं कळ असते, पण बाहेरचें सॉकेट तिच्या वाटेवर नसतेंच.

पांचवा: झांकण बंद करून झारीनें पाणी शिंपडलें, मग वीज बंद करून खोकें उघडलें, तर आंत कोरडें आहे काय?

ह्या पांचांत एकही प्रश्न चुकला तर विद्यार्थी नापास समजावा. येथें पस्तीस टक्क्यांवर उत्तीर्ण करण्याची सोय नाहीं.

सॉकेट बसल्यावर गृहिणीचें काम सुरूं होतें. महिन्यांतून एकदां, समजा पहिल्या रविवारीं, तें 'टी'चें बटण दाबून पाहावें. वर्षभर न हललेली कळ आंतून आंखडते आणि ऐन वेळीं पडत नाहीं. तें बटण कळेची मात्र परीक्षा घेतें, अर्थिंगची नव्हे, हेंही ध्यानांत असावें. मृग लागण्यापूर्वीं एकदां झांकणाची रबरी पट्टी पाहावी. ती कडक झाली किंवा चिरली असेल तर बदलावी. खोक्यांत मुंग्या व पाली घर करतात. कुंचल्यानें तें साफ करावें, पण वीज बंद करून. मोटरीची किंवा यंत्राची पिन कापून तिचीं दोनच टोंकें ठेवूं नयेत, आणि तारेचीं उघडीं टोंकें काडीनें सॉकेटांत खोंचूं नयेत. सणावारीं लोंबणाऱ्या माळांचे जोड चिकटपट्टी गुंडाळून ओल्या गवतावर टाकूं नयेत. खिडकींतून बाहेर सोडलेला एक्स्टेन्शन बोर्ड हा कायमच्या सॉकेटला पर्याय होऊं शकत नाहीं.

इतकें करूनही धक्का बसलाच तर? प्रथम धांवत जाऊन त्या माणसाला हात लावूं नका. एकाचे दोन होतील. आधीं बटण किंवा मुख्य कळ बंद करा. तें शक्य नसेल तर कोरड्या फळीवर उभें राहून कोरड्या काठीनें त्यास विजेपासून दूर करा. श्वास चालत नसेल तर कोणास तरी १०८ क्रमांकास फोन करावयास सांगून, छातीच्या मध्यभागीं दोन्ही तळहातांनीं सुमारें पांच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० ह्या वेगानें दाबत राहा, आणि मदत येईपर्यंत थांबूं नका. जमिनींत पुरणें, तोंडाला कांदा लावणें ह्यांत गेलेला प्रत्येक क्षण वायां गेलेला असतो.

माझ्या माहितींतल्या एका वसाहतींत धुणें धुणाऱ्या एका बाईनें मालकिणीस सांगितलें कीं, यंत्राला हात लावला कीं बोटांत मुंग्या येतात. मालकीणबाईंनीं तें हसण्यावारीं नेलें नाहीं. त्यांनीं त्याच दिवशीं यंत्र बंद ठेवलें व जाणत्या माणसाकडून तपासणी करविली. सॉकेटमध्यें तीन छिद्रें होतीं, पण तिसऱ्या छिद्राच्या मागें तारच नव्हती! भिंत रंगविलेली, खोकें नवें, वरचें झांकण चकचकीत. आणि आंत ज्या एका तारेवर त्या बाईचा जीव अवलंबून होता, तेवढीच नेमकी गाळलेली. ती बाई आज सुखरूप आहे, कारण तिनें तोंड उघडलें आणि कोणीतरी तें ऐकून घेतलें. आपल्या घरांत काम करणाऱ्या माणसांना 'झिणझिणी आली तर लगेच सांगा' असें आपण कधीं सांगितलें आहे काय? नसेल, तर उद्यां सकाळीं सांगावें. ह्याला एक पैसाही खर्च लागत नाहीं.

घर बांधतांना आपण फरशीचा रंग निवडण्यांत दिवस घालवितों, फाटकाच्या नक्षीसाठीं चार दुकानें पालथीं घालतों. अर्थिंगची नळी जमिनींत गाडली जाते आणि ३० मिलिअँपियरची कळ फळ्याआड बसते. आल्यागेल्या पाहुण्यास त्यांतलें कांहीं दिसत नाहीं, आणि त्यांची स्तुति करावयासही कोणी येत नाहीं. त्यांनीं आपलें काम बजावलें, तर त्या दिवशीं घरांत कांहींच घडत नाहीं. माळी झाडांना पाणी घालून आपल्या घरीं जातो, बाई धुणें आटोपून जाते, मूल चेंडू घेऊन परत येतें. एवढें कांहीं न घडण्यासाठींच ही सारी खटपट आहे.